जुन्या मोटारसायकलींची व्हॉल्व्ह सीट कापताना : अवजारांची निवड कशी करावी?

पेण, नागोठणे आणि रोहा या पट्ट्यात जुनी बुलेट किंवा त्याहून जुनी ब्रिटिश मोटारसायकल सांभाळणाऱ्या वाहनमालकांना आणि त्यांची कामे करणाऱ्या कारागिरांना एक प्रश्न वारंवार पडतो : हेड खोलून व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, गळती थांबली, तरी काही महिन्यांत कॉम्प्रेशन पुन्हा का उतरते, आणि सीट खरोखरच नव्याने कापायची असेल तर त्यासाठी कोणते अवजार घ्यावे? हाताने फिरवायच्या स्वस्त कटरपासून दगडाच्या ग्राइंडरपर्यंत आणि पुढे मोठ्या वर्कशॉपमधील यंत्रापर्यंत अनेक पर्याय बाजारात असल्यामुळे हा गोंधळ स्वाभाविक आहे. बहुतेक खरेदीदार कटरच्या धारेची चौकशी करतात, परंतु तो कटर ज्या दांड्याच्या आधाराने फिरतो त्या पायलटची करीत नाहीत, आणि बिघडलेल्या कामांचे मूळ बहुधा तिथेच सापडते. अवजाराची निवड इंजिन, गाईड आणि पायलट या क्रमाने करावी; कटरचा विचार त्यानंतर यावा.

आपल्या इंजिनाची सीट कशाची आहे?

व्हॉल्व्ह बंद होताना ज्या अरुंद, तिरक्या वर्तुळाकार कडेवर टेकतो ती कडा म्हणजे व्हॉल्व्ह सीट. ती प्रत्येक जुन्या गाडीत असतेच असे नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी, राजदूत १७५ आणि यामाहा आरएक्स १०० या सर्व टू-स्ट्रोक गाड्या असून त्यांत असे व्हॉल्व्हच नाहीत. त्यांचे कॉम्प्रेशन उतरले असेल तर शोध पिस्टन, रिंगा आणि क्रँकच्या सीलकडे वळवावा.

ज्या इंजिनांत सीट आहे त्यांचे अवजाराच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बीएसए एम २० किंवा नॉर्टन १६ एच यांसारख्या महायुद्धकाळातील साइड व्हॉल्व्ह इंजिनांचा होय. त्यांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी उभे असतात आणि सीट थेट बॅरलच्या बीडात कापलेली असते. हा धातू तुलनेने मऊ असल्याने साधा कटरही त्यावर चालतो, पण सीट वेगळी बसवलेली नसल्यामुळे जितके कापाल तितके बॅरलच कमी होते. दुसऱ्या वर्गात १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली बुलेट येते. तिच्या जुन्या इंजिनाला सर्रास ‘कास्ट आयर्न इंजिन’ म्हटले जात असले तरी बीडाचे असते ते बॅरल. हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असून त्यात ऑस्टेनिटिक आयर्न या निकेलयुक्त ओतीव लोखंडाच्या कड्या ताणून बसवलेल्या असतात. या धातूवर बोथट कटर घासत राहिला तर कापले जाण्याऐवजी पृष्ठभागच अधिक कठीण होत जातो. साइड व्हॉल्व्हच्या बॅरलवर उत्तम चाललेला कटर बुलेटच्या हेडवर नुसता घसरतो, यामागील कारण हेच आहे.

घासण्याने काय होते आणि काय होत नाही

पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणे, म्हणजेच लॅपिंग, ही जोडी जुळवण्याची क्रिया आहे; सीटचा कोन, रुंदी किंवा केंद्र दुरुस्त करण्याची नव्हे. सीट लंबवर्तुळाकार झिजली असेल किंवा तिच्यावर खड्डे पडले असतील, तर घासत राहिल्याने खड्डे बुजलेले दिसतात, परंतु सीट रुंद होत जाते आणि व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर खाच पडते. रुंद सीटवर दाब विखुरला जातो, कार्बनचे कण तिथे अडकून बसतात आणि व्हॉल्व्ह पुन्हा गळू लागतो. उत्तम कापलेल्या सीटला बारीक पेस्टचे हलके लॅपिंग पुरते. कापण्याऐवजी लॅपिंग हा मार्ग फक्त तेव्हाच योग्य ठरतो, जेव्हा सीटची रुंदी मापात असते आणि तिच्यावर केवळ डाग असतात.

हेड खोलण्यापूर्वी कॉम्प्रेशन किंवा गळती तपासून आकडा लिहून ठेवावा, कारण कामानंतर तुलनेसाठी दुसरे काहीच हाती नसते. १ फेब्रुवारी २००० पूर्वी, म्हणजे देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू होण्यापूर्वी चाललेल्या आणि नंतर न उघडलेल्या इंजिनांतील कार्बनमध्ये शिशाचे क्षार असू शकतात. तो कोरडा खरवडू नये, ओला करून काढावा आणि तोंडाला मास्क लावावा.

कटरच्या आधी गाईड

गाईड म्हणजे ज्या नळीतून व्हॉल्व्हचा दांडा वर-खाली होतो ती नळी. सीट कापताना पायलट याच नळीत बसतो आणि कटरचे केंद्र तोच ठरवतो, म्हणून झिजलेल्या गाईडवर कापलेली सीट कितीही चकचकीत दिसली तरी तिचे केंद्र चुकलेलेच असते. गाईड बहुधा मधोमध नव्हे, तर दोन्ही टोकांना भोंग्यासारखे पसरून झिजते, त्यामुळे नवा व्हॉल्व्ह आत घालून बोटाने हलवून पाहणे ही पुरेशी तपासणी नाही. लहान छिद्राचे गेज आणि मायक्रोमीटर वापरून गाईड तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजावे, व्हॉल्व्हचा दांडाही तसाच मोजावा आणि येणारे अंतर त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावे.

गाईड बदलायचे असेल तर ते आधी बदलावे, रीमरने मापात आणावे आणि मगच सीटला हात लावावा. क्रम उलटा झाला तर सीटचे काम दुसऱ्यांदा करावे लागते, आणि प्रत्येक वेळी कापलेला धातू कायमचा जातो. बुलेटच्या ॲल्युमिनियम हेडमधील गाईड थंड असताना हातोडीने ठोकून काढू नये. हेड सर्व बाजूंनी सारखे तापवल्यास गाईड सैल होते आणि त्याचे छिद्र ओरबाडले जात नाही.

अवजारांचे प्रकार

* साधे पोलादी किंवा हायस्पीड स्टीलचे कटर. पायलट, आडवी मूठ आणि ठरावीक दातांचा कटर असा हा संच असतो आणि तोच सर्वांत स्वस्त मिळतो. बीडाच्या साइड व्हॉल्व्ह बॅरलसाठी तो चालू शकतो. दात समान अंतरावर असल्यास एकदा पृष्ठभागावर लहर उठली की पुढचा प्रत्येक दात त्याच लहरीत पडतो आणि ती खोल होत जाते. बुलेटच्या सीटसाठी हा संच घेऊ नये.
* कार्बाइडच्या पात्यांचे हाताने फिरवायचे कटर. अमेरिकेतील न्यूवे कंपनीचे कटर या प्रकारात जगभर परिचित आहेत. पाती बदलता येतात, व्यासाला काही प्रमाणात जुळवून घेतात आणि ऑस्टेनिटिक आयर्नही स्वच्छ कापतात. वीज लागत नाही, जागा लागत नाही, आणि कापण्याचा वेग हातात असल्यामुळे किती धातू गेला हे प्रत्येक फेऱ्यानंतर पाहता येते. जुन्या मोटारसायकलींची कामे करणाऱ्या लहान गॅरेजसाठी हा पर्याय सर्वांत योग्य आहे.
* दगडाचे सीट ग्राइंडर. ब्लॅक अँड डेकरसारख्या कंपन्यांचे जुने संच ट्रक आणि जीपची कामे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये पूर्वीपासून दिसतात. अतिकठीण सीटवर दगडाला तोड नाही. मात्र दगडाचा कोन वापराबरोबर बिघडतो, म्हणून हिऱ्याच्या टोकाचा ड्रेसर सोबत नसेल तर तो संच घेण्यात अर्थ नाही. शिवाय ट्रकसाठीचे दगड आणि पायलट मोटारसायकलच्या लहान सीटला अनेकदा मोठे पडतात.
* एकाच पात्याने तिन्ही कोन कापणारे यंत्र. फ्रान्समधील सर्डी कंपनीची यंत्रे या वर्गातील होत. हेड टेबलावर बसवून यंत्राचे डोके गाईडच्या अक्षावर आपोआप जुळते आणि एका फेरीत पूर्ण आकार कापला जातो. हे विकत घेण्याचे नव्हे, काम करवून घेण्याचे साधन आहे; नवी सीट बसवायची असेल तेव्हा त्याचाच आधार घ्यावा.

पायलटचे माप : इंच आणि मिलिमीटर

खरेदीतील सर्वांत खर्चिक चूक येथे होते. जुन्या ब्रिटिश परंपरेतील इंजिनांचे व्हॉल्व्हचे दांडे इंचांच्या अपूर्णांकांत असतात, तर बाजारात सहज मिळणारे बहुतेक पायलट मिलिमीटरमध्ये असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ११/३२ इंच म्हणजे ८.७३ मिलिमीटर आणि ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिलिमीटर. ५/१६ च्या गाईडमध्ये ८ मिलिमीटरचा पायलट ‘जवळपास तेच’ म्हणून ठोकला तर गाईड फुगते किंवा ओरबाडले जाते, आणि ९ मिलिमीटरच्या गाईडसाठी म्हणून विकलेला पायलट ११/३२ मध्ये शिरतच नाही. उलट बाजूने, सैल पायलटभोवती कापडाचा किंवा पत्र्याचा तुकडा गुंडाळून काम भागवण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. तिच्यामुळे सीटचे केंद्र निश्चितपणे सरकते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी गाडीचे नाव पुरेसे नाही, हे लक्षात ठेवावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षे भाग बदलत गेलेले असतात आणि जुन्या गाडीत मागच्या मालकाने कोणते व्हॉल्व्ह बसवले हे कागदावर कुठेही नसते, त्यामुळे गाईडचे प्रत्यक्ष मोजलेले माप सोबत न्यावे. पायलट दोन प्रकारचे असतात. किंचित निमुळता, एकसंध पायलट गाईडमध्ये हाताने दाबून घट्ट बसतो आणि सरळ, न झिजलेल्या गाईडमध्ये सर्वांत विश्वासार्ह ठरतो. आतून पसरणारा पायलट थोड्याफार मापभेदाला सामावून घेतो, परंतु भोंग्यासारख्या झिजलेल्या गाईडमध्ये तो एका टोकाला टेकून तिरका राहू शकतो. पायलट बसवल्यानंतर त्याच्या वरच्या टोकाला बोटाने हलवून पाहावे. जरासाही हलला तर कापायला सुरुवात करू नये. विकत घेताना पायलट सपाट काचेवर लोळवून पाहावा, वाकलेला असेल तर तो लगेच लंगडतो. पैसे मर्यादित असतील तर कटरचा संच लहान घ्यावा, पायलट मात्र अस्सल आणि नेमक्या मापाचे घ्यावेत.

किती कोन आणि किती रुंदी

या वर्गातील बहुतेक इंजिनांत, बुलेटसह, व्हॉल्व्ह ज्या कोनात टेकतो तो मुख्य कोन ४५ अंशांचा असतो. तो एकटा पुरत नाही, कारण ४५ अंशांच्या कटरने जितके अधिक कापावे तितकी सीट रुंद होत जाते, आणि ती पुन्हा अरुंद करण्यासाठी दोन साहाय्यक कोन लागतात. ३० अंशांचा कटर ज्वलनकक्षाच्या बाजूने कापून सीटची बाहेरची कडा आत आणतो, तर ६० अंशांचा कटर पोर्टच्या बाजूने कापून आतली कडा बाहेर सरकवतो. म्हणून ‘फक्त ४५ चा कटर पुरेल’ असे विक्रेता सांगत असेल तर तो संच अपुरा समजावा.

स्वतंत्र मॅन्युअल हाती नसेल तर सीटची रुंदी इनलेटला साधारण १ ते १.५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला १.५ ते २ मिलिमीटर ठेवावी. एक्झॉस्टची सीट अधिक रुंद ठेवण्यामागे कारण आहे : तापलेल्या व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता तो टेकलेला असताना सीटमधूनच हेडमध्ये जाते, आणि एक्झॉस्टची सीट फार अरुंद कापली तर व्हॉल्व्ह जळतो. व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर निळी मार्किंग शाई पातळ लावून तो सीटवर टेकवून हलकेच फिरवला असता उमटणारी रेघ चेहऱ्याच्या मधोमध, अखंड आणि सारख्या रुंदीची असावी. ती बाहेरच्या कडेला गेली असेल तर ३० चा कटर वापरावा, आतल्या कडेला गेली असेल तर ६० चा, आणि शेवटी ४५ च्या एक-दोन हलक्या फेऱ्या द्याव्यात.

काही संचांत ४५ ऐवजी ४६ अंशांचा कटर येतो. व्हॉल्व्ह ४५ आणि सीट ४६ असा एका अंशाचा फरक ठेवल्यास स्पर्श सुरुवातीला अगदी बारीक रेघेवर होतो आणि इंजिन चालू झाल्यावर तो स्वतःच जुळतो. हा संच वाईट नाही, पण त्यानंतर पेस्टने लॅपिंग केल्यास मुद्दाम ठेवलेला फरक पुसला जातो. दोन्हीपैकी एकच पद्धत पाळावी.

विकत घ्यावे की काम बाहेर द्यावे

ज्यांच्याकडे स्वतःची एकच जुनी गाडी आहे, त्यांनी कटरचा संच घेऊ नये. एका बुलेटच्या हेडवर सीट कापण्याची वेळ अनेक वर्षांतून एकदा येते, आणि दोनदा वापरून गंजायला ठेवलेल्या संचापेक्षा तोच पैसा मोजमापाच्या साधनांत घातला तर अधिक उपयोगी पडतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, लहान छिद्राचे गेज आणि मार्किंगची शाई जवळ असेल तर काम कोणीही केले तरी ते तपासता येते.

महिन्याकाठी दोन-चार हेड हाताळणाऱ्या कारागिरांसाठी हिशेब वेगळा आहे. पेण किंवा रोह्याहून प्रत्येक हेड पनवेल, मुंबई किंवा पुण्याला पाठवायचे म्हटले तर भाडे, खेपा आणि गाडी अडकून पडण्याचे दिवस मजुरीइतकेच महाग पडतात. अशा गॅरेजने कार्बाइडच्या पात्यांचे तीन कोन आणि आपल्याकडे खरोखर येणाऱ्या गाड्यांच्या मापांचे दोन-तीन पायलट एवढ्यावर सुरुवात करावी. ‘सर्व गाड्यांसाठी’ म्हणून विकले जाणारे मोठे पेटीबंद संच टाळावेत. त्यांतील अर्धे पायलट कधीच लागत नाहीत आणि जो लागतो तो बहुधा त्यात नसतो.

अवजारांसाठी मुंबईतील नागदेवी परिसर आणि सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठ या जुन्या, माहितीच्या बाजारपेठा आहेत. चोर बाजारात किंवा मोडीत मिळणारे जुने संच नेहमीच टाकाऊ नसतात, कारण जुन्या दर्जेदार पायलटचे पोलाद आजही सरस ठरते; मात्र घेण्यापूर्वी पात्यांची धार भिंगातून पाहावी, कटरचे छिद्र पायलटवर लटपटत नाही ना हे तपासावे आणि बदलायची पाती अजून मिळतात का याची खात्री करावी.

धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे रोह्याकडील वाचकांना आणखी एक सोय उपलब्ध होऊ शकते. रासायनिक कारखान्यांत वेल्डिंगचे जोड तपासण्यासाठी जी ‘डीपी टेस्ट’ केली जाते, म्हणजे लाल रंगद्रव भेगेत मुरवून वरून पांढरा डेव्हलपर मारला की भेग लाल रेघेच्या रूपात दिसते, तीच चाचणी जुन्या हेड-बॅरलवर करता येते. साइड व्हॉल्व्ह बॅरलमध्ये एक्झॉस्ट सीट आणि सिलिंडर यांच्यामधील अरुंद पट्टीत भेग पडण्याचा धोका असतो, आणि भेगाळलेल्या बॅरलवर सीट कापणे म्हणजे मजुरी आणि बॅरल दोन्ही वाया घालवणे होय. अशा तपासणीची कामे करणारा फॅब्रिकेटर ओळखीचा असेल तर कापण्याआधी एवढी चाचणी करून घ्यावी.

कापताना पाळायचा क्रम

१. व्हॉल्व्हचा चेहरा आधी मशिनवर सारखा करावा किंवा व्हॉल्व्ह नवा घ्यावा. खड्डे पडलेल्या व्हॉल्व्हने सीट तपासता येत नाही.

२. सीटवरील कार्बन आणि चकाकी एमरी कापडाने काढावी, अन्यथा कटर सुरुवातीलाच घसरतो.

३. गाईड पुसून कोरडे करावे, पायलट बसवावा आणि त्याच्या उघड्या भागावर तेलाचा एक थेंब द्यावा.

४. मुठीवर दोन्ही बाजूंनी सारखा, हलका दाब ठेवून फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे. उलट फिरवल्यास कार्बाइडची धार तुटते.

५. दोन-तीन फेऱ्यांनंतर थांबावे, कीस झाडावा आणि शाईने तपासावे. सीट सर्वत्र एकसारखी उजळली की कापणे थांबवावे, ‘आणखी थोडे स्वच्छ’ करू नये.

६. डायल गेजने सीटचे केंद्र तपासता आल्यास उत्तम, फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा.

७. स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे आणि काही मिनिटे ज्वलनकक्षाच्या बाजूने थेंब येतो का ते पाहावे.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो आणि त्याचा दांडा दुसऱ्या बाजूला तितकाच वर येतो. याचे दोन परिणाम होतात : स्प्रिंगचा ताण कमी होतो, जो तिच्याखाली योग्य जाडीचा वॉशर घालून भरून काढता येतो, आणि टॅपेटचे अंतर बदलते. जुन्या बुलेटमध्ये हे अंतर पुशरॉडच्या खालच्या टोकाशी जुळवले जाते आणि इंजिन थंड असताना रॉड बोटांनी मोकळा फिरावा, पण वर-खाली खडखडू नये, असे ठेवले जाते. सीट कापून हे जुळवायचे राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, आणि उत्तम कापलेली सीट काही दिवसांत जळते.

खारेपाटातील हवा आणि अवजारांची निगा

धरमतर खाडीच्या बाजूचा खारेपाट, पेणजवळील मिठागरे आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस यांमुळे या भागात उघडे लोखंड फार लवकर तांबूस होते. नुकत्याच कापलेल्या बीडाच्या सीटवर पावसाळ्यात एका रात्रीत गंजाची साय येते आणि ती पुसताना केलेली नवी घासाघीस झालेले काम बिघडवते. म्हणून हेड किंवा बॅरल त्याच दिवशी बसवायचे नसेल तर सीटला आणि गाईडला तेल लावून ते प्लास्टिकमध्ये गुंडाळावे. पायलटवरील गंजाचा एक ठिपकाही मापात फरक पाडतो. पायलट आणि कटर तेलाच्या कापडात, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. लाकडी खोक्यात ओल धरते. वीज वारंवार जात असलेल्या दिवसांत हाताच्या कटरचा फायदा वेगळा सांगण्याची गरज नाही.

सीट बदलायची वेळ कधी येते

सीट इतकी खोल गेली असेल की व्हॉल्व्ह ज्वलनकक्षाच्या पृष्ठभागाखाली बुडतो, वॉशर घालूनही स्प्रिंगचा ताण मापात येत नाही, किंवा बसवलेली कडी हेडमध्ये हलते, तर कापणे थांबवून नवी कडी बसवावी. नवी कडी कोणत्या धातूची आहे हे वर्कशॉपला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. ४५ मिलिमीटर व्यासाचे उदाहरण घेऊन तापमान २०० अंश सेल्सिअसने वाढले असे धरले, तर ॲल्युमिनियममधील खाच सुमारे ०.२१ मिलिमीटरने मोठी होते, साध्या बीडाची कडी सुमारे ०.१० मिलिमीटरने आणि ऑस्टेनिटिक आयर्नची सुमारे ०.१७ मिलिमीटरने. म्हणजे मूळ धातूच्या कडीची पकड तापल्यावर ०.०४ मिलिमीटरने सैल होते, तर साध्या बीडाच्या कडीची ०.११ मिलिमीटरने. मूळ कडीच्याच ताणाने साध्या बीडाची कडी बसवली तर ती धावत्या इंजिनात सुटू शकते, आणि सुटलेली कडी पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड तिन्ही फोडते. हेड ओव्हनमध्ये सर्व बाजूंनी सारखे तापवणाऱ्या वर्कशॉपलाच हे काम द्यावे. गॅसच्या ज्योतीने एकाच बाजूने तापवलेले हेड वाकते. बसवलेली नवी कडी गाईडच्या केंद्राशी आपोआप जुळलेली नसते, तिलाही तिन्ही कोनांत कापावेच लागते.

शिसे गेल्यामुळे प्रत्येक जुन्या इंजिनाला कठीण सीट बसवलीच पाहिजे, असा सल्ला दिला जातो. शिशाचा थर सीट आणि व्हॉल्व्हमध्ये उशीसारखा राहत असे हे खरे. परंतु कमी कॉम्प्रेशनचे, संथ फिरणारे साइड व्हॉल्व्ह इंजिन सणावारापुरते चालवले जात असेल तर झीज मोजत राहणे पुरते आणि मूळ बॅरल खोदून कडी बसवण्याची घाई करू नये. आज अधिक लक्ष द्यावे ते २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बुरेटरच्या त्याच जेटवर मिश्रण सुमारे सहा-सात टक्क्यांनी पातळ होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापतो. सीटच्या कामानंतर स्पार्क प्लगचा रंग पाहून मुख्य जेट तपासावा.

पावती, तक्रार आणि नोंदणी

हेड वर्कशॉपला देताना त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि कामाच्या पावतीवर गाईडमधील अंतर, सीटची रुंदी, कडी बदलल्यास तिचा धातू आणि जुने भाग परत मिळण्याची अट लिहून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. इंटरनेटवरून अवजार घेतल्यास विक्रेत्याने मालाचा मूळ देश सांगणे बंधनकारक असून तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

गॅरेज चालवणाऱ्यांचा एक समज येथे दूर होणे आवश्यक आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही हे सर्वसाधारणपणे खरे असले तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेले अवजार या नियमाला अपवाद ठरते, त्यामुळे वाकलेला पायलट किंवा चुकीच्या कोनाचा कटर मिळालेला कारागीरही ग्राहकच ठरतो. तक्रार आपण जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पेण आणि रोह्याच्या रहिवाशांसाठी तो रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबागला आहे, विक्रेता मुंबईचा असो वा पुण्याचा. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास अनेक वाद तिथेच मिटतात.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकीला जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची आहे. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. इंजिन क्रमांक हेडवर नव्हे, क्रँककेसवर असल्यामुळे सीटच्या कामाने त्याला धक्का लागत नाही. तरीही कडी बदलली असल्यास वर्कशॉपचे बिल, आधीचे आणि नंतरचे फोटो आणि काढलेली जुनी कडी जपून ठेवावी, म्हणजे हे काम दुरुस्तीचे होते, बदलाचे नव्हे, हे एमएच ०६ क्रमांक देणाऱ्या पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणीच्या वेळी कागदोपत्री दाखवता येते.